अण्णांचा दुसरा दृष्टांत

"आज कुठवर घुसला रं?"

सर्जेराव अण्णांनी बाकावर बूड टेकायच्या आधीच विचारलं. समोर टीव्हीवर एक कोटवाला हातवारे करत होता. तोंड उघडत होता, मिटत होता, पण आवाज शून्य. इलाही मुलाण्याच्या हॉटेलातल्या टीव्हीचा आवाज मागच्या पावसाळ्यातच गेलेला, चित्र तेवढं राहिलेलं. तेव्हापासून त्या टीव्हीचा आवाज मी होतो.

"घुसला कुठला, अडकलाय," मी म्हणालो. "रणगाड्यांची ही एवढी रांग लागलीय. पुढच्या गाडीचा क्लच जळाला. आता मागच्यांनी करायचं काय? मी तवाच सांगितलं हुतं त्यास्नी, तुमच्या गाड्यांचा क्लच नाजूक हाय."

"तू कवा सांगितलंस?"

"रशियात हुतो तवा."

बाकावरची मंडळी चहाच्या ग्लासात तोंड घालून हसली. हसू देत. मी एस.टी.त ड्रायव्हर होतो हे खरं, आणि महामंडळानं मला एकदा रशियाला पाठवलं होतं हे त्याहून खरं. तिथं थंडी एवढी, की प्रवाशांच्या मिशा बर्फानं खिळ्यासारख्या ताठ व्हायच्या, आणि कंडक्टर तिकीट फाडून सरळ मिशीला टोचायचा. बायकांची पंचाईत व्हायची म्हणून त्यांना प्रवास फुकट. आता यावर कुणाचा विश्वास बसत नसेल तर तो माझा दोष नाही.

पण सर्जेराव अण्णा हसले नाहीत. ते या लढाईच्या बाबतीत कधीच हसायचे नाहीत.

रशियानं शेजारच्या युक्रेनवर चाल केली त्या वर्षीची ही गोष्ट. मार्च लागून आठवडा झाला होता, आमच्याकडं उसाच्या तोडी चालू होत्या. अण्णांचा नातू विक्रांत तिकडं डॉक्टरकी शिकायला गेलेला. बॉम्ब पडायला लागले तेव्हा एका म्हातारीनं त्याला आणि त्याच्या दोस्तांना आपल्या घराच्या तळघरात घेतलं, बटाटे उकडून घातले, आणि वाट मोकळी झाली तशी स्वतःच्या हातानं मफलर गुंडाळून लावून दिलं. तिचं नाव ओल्हा. पोरगा हातीपायी धड घरी आला, पण टीव्हीवर बातम्या लागल्या की उठून आत जायचा. म्हणून अण्णांनी घरात बातम्याच बंद केल्या आणि ते रोज सकाळी हॉटेलात यायला लागले. चाळीस एकराचा बागायतदार, दारात दोन ट्रॅक्टर, आणि इलाहीच्या मोडक्या बाकावर बसून विचारायचा, "आमची ओल्हाआक्का बरी हाय का रं?"

"बरी हाय," मी म्हणायचो. "काल अंगणात कोंबड्यांना दाणं टाकत हुती."

आणि अण्णा हात जोडून देवाला नमस्कार करायचे. असा हळवा माणूस.

त्याच आठवड्यात ताराक्कानं मला हाक मारली. ताराक्का म्हणजे अण्णांच्या चाळीस एकराला चिकटून असलेल्या दोन एकरांची मालकीण. साठी ओलांडलेली, एकटी, आणि जीभ कोयत्यासारखी. विहिरीच्या कडेला बसून मेथीच्या जुड्या बांधत होती.

"भावजी, त्या लांबच्या लोकांची लढाई तुमी हाटिलात बसून लढताय. हितली कुनी लढायची?"

"हितं कसली लढाई?"

तिनं जुडीनंच बोट दाखवल्यासारखं केलं. "त्यो बगा, आलाय दारात."

विहिरीपासून बैलगाडी जाईल एवढ्या अंतरावर शेंदूर फासलेला म्हसोबा बसला होता. त्याच्या पलीकडं तोड झालेलं अण्णांचं रान.

आता हा म्हसोबा काय चीज आहे ते सांगितलं पाहिजे. मुळात तो हद्दीचा धोंडा. अण्णांची एक खोड होती: बांध दिसला की त्यांच्या पायाला खाज सुटायची. दर नांगरटीला एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, जास्त मारायचे. बांध या अंगानं कोरायचे, त्या अंगानं कोरायचे, मग एके दिवशी बांध नसायचाच. माणूस वाईट नव्हता हो. ताराक्काचा मालक आजारी पडला तेव्हा यांनीच जीप काढून त्याला मिरजेला नेलेलं, दवाखान्यात उशाशी बसलेले. आणि परत आल्यावर त्याच हातानं त्याचा बांध कोरलेला. शेवटी त्या मालकानं मरायच्या आधी एक शहाणपण केलं. हद्दीच्या धोंड्याला शेंदूर फासला, चांदीचे डोळे बसवले आणि जाहीर केलं की हा म्हसोबा आहे. देवाला कोण हलवणार?

अण्णांनी हलवला.

गेल्या दिवाळीत त्यांना दृष्टांत झाला. म्हसोबा स्वप्नात येऊन म्हणाला, "सर्जेराव, हितं मला उसाचं पाचट टोचतंय, जरा तिकडं सरकीव." लगेच बँड सांगितला, गुलाल उधळला, पेढे वाटले आणि वाजतगाजत देव ताराक्काच्या रानात आठ-दहा पावलं आत आणून बसवला. मीही पेढा खाल्ला. देवाच्या मिरवणुकीत हद्दीचं बोलायचं कुणी? मग ट्रॅक्टर देवाच्या पाठीपर्यंत फिरला.

"आता काय झालंय?" मी विचारलं.

"काल गुरवाला म्हनत हुते, देव परत बेचैन दिसतोय." ताराक्कानं जुडी पाटीत आपटली. "म्हंजे नवा दृष्टांत येनार. पाडव्याच्या आत नांगरट हाय. आवंदा देव हिरीच्या पल्याड गेला, की हीर त्यांची. मग मी मेथी काय थुकीवर पिकवू?"

"तलाठ्याकडं जा की."

"मी मेल्यावर निकाल लागंल. तुमास्नी सांगतीया कारन त्यो मानूस गावात कुनाचंच ऐकत न्हाई. तुमचं तेवढं ऐकतोय. तेबी खोटं."

हे माझ्या जिव्हारी लागलं. खोटं कुठलं? पण विहिरीत डोकावलो तर पाणी असं स्वच्छ, की तळातली घागर दिसत होती. त्या पाण्यावर ती बाई दोन एकर जगवत होती, आणि ते दोन एकर तिला.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी दिसली, कुंपणापाशी उभी. कोण, कुठली, देव जाणे. मी उडी मारून उठलो.

"अण्णा! बघा, बघा! ओल्हाआक्काची थोरली भैन!"

अण्णा चष्मा पुसत टीव्हीजवळ गेले. "व्हय की! तोंडावळा मिळतोय." ओल्हाला त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. "काय म्हनतीय ती?"

"रडतीय. तिचं रान अगदी शिवंला लागून. पल्याडचा शेजारी, चिकार जमीनवाला, दर साली तिचा एक एक तास खातोय."

"रणगाड्यानं?"

"नांगरानं. रणगाडं आत्ता आलं. खानं आधीपासनं चाललंय."

"हरामखोर!"

इलाहीच्या हातातली किटली थबकली. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग अण्णांकडं, मग घाईघाईनं स्टोव्हकडं तोंड फिरवलं. त्याची पाठ गदगदत होती. बाकावरचे दोघे जण बिडी पेटवायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि खिडकीशी येऊन उभे राहिले.

"फुडं सांग."

"फुडं काय, तिच्या नवऱ्यानं शिवंवर देव बसवला हुता. त्यांच्यातला. म्हटला, देवाला तरी भिईल. तर ह्या गड्यानं काय करावं? देवालाच उचलून आत सरकवला. बँड लावून!"

अण्णांनी टेबलावर मूठ मारली. ग्लास उडाले. "देवाला बी सोडलं न्हाई? आरं मानूस हाय का सैतान? आनि गाव काय करत हुतं?"

"पेढं खात हुतं."

"थू असल्या गावावर!"

खिडकीशी कुणालातरी जोराचा ठसका लागला. मला वाटलं, आता कळणार. आता अण्णा वळून माझं मानगूट धरणार. पण नाही. त्यांचे डोळे त्या म्हातारीवर खिळलेले होते आणि भरून आले होते. त्यांना तिथं कुंपण दिसत होतं, बर्फ दिसत होता, आपल्या नातवाला बटाटे घालणाऱ्या बाईची बहीण दिसत होती. त्यांना दिसत नव्हता तो फक्त शेंदूर.

"आता राहिलीय तिची हीर," मी आवाज खाली आणला. "ती गेली की म्हातारी संपली. टीव्हीवाला इचारतोय तिला, बाई, तू आता काय करनार? तिला काय सुचंना. अण्णा, तुमी असता तर काय केलं असतं?"

अण्णा परत बाकावर येऊन बसले. मग चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि एखाद्या पैलवानानं डाव सांगावा तसं सांगायला लागले.

"हे बघ निवृत्ती. घुसनाऱ्याला भांडान पायजेच असतंय. म्हातारी भांडाय लागली की तो म्हननार, बघा, हिचीच खोडी. कोर्टाला तर तो भीतच न्हाई. कोर्टात वय जातं ते हिचं, त्याचं काय जातंय? बंदूक हिच्याकडं न्हाई."

"मग?"

"जेवाय घालायचं."

"सैन्याला?"

"सगळ्यास्नी! आजूबाजूचं सगळं देश बोलवायचं. लहान, मोठं, भांडखोर, भित्रं, सगळं. आनि जुन्या शिवंची जी रेघ आसंल, तिच्यावर एका वळीत मांडी घालून बसवायचं. पंगत! बसलेल्या पंगतीवरनं नांगर घालून दाखीव म्हनावं. आनि मेन म्हंजे, घुसनाऱ्याला बी बोलवायचं. मानानं. पयलं पान त्याचं. तो त्या वळीत बसला, म्हंजे रेघ त्यानंच कबूल केली. आनि न्हाई बसला, तर देवाच्या जेवनाला न्हाई म्हनला ह्ये अख्ख्या दुनियेनं बगितलं." त्यांनी बशी रिकामी केली. "ह्याच्यावर घुसनाऱ्याकडं उतारा न्हाई. मला ठावं हाय."

त्यांना ठावं असणारच. त्या विषयात पंचक्रोशीत त्यांच्याएवढा अभ्यास कुणाचाच नव्हता.

"अण्णा," इलाही स्टोव्हकडंच तोंड ठेवून म्हणाला, "पंगतीला जेवन काय ठेवायचं?"

"बकरं. आनि काय?"

त्याच संध्याकाळी इलाही आणि मी ताराक्काच्या विहिरीवर. तिनं सगळं ऐकलं, पदर तोंडाला लावला आणि इतकी हसली की खाली बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "बकरं माझं हाय. म्हसोबाला बोललेलंच हुतं."

"कापायला मी हाय," इलाही म्हणाला. आमच्याकडं देवाच्या बकऱ्यावर सुरी मुलाण्याचीच चालते. त्याच्याशिवाय म्हसोबा तोंड लावत नाही.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी गावाला आवतण गेलं. ताराक्का स्वतः अण्णांच्या वाड्यावर जाऊन आली. "आण्णा, देव बेचैन हाय म्हनता. त्याला जेवन देतीया. पयलं पान तुमचं." अण्णा खूश झाले. बेचैन देवाला जेवण घातलं, की त्या गर्दीतच नवा दृष्टांत सांगून टाकायला बरं, असा त्यांचा हिशेब असणार.

सकाळीच मी कबड्डीच्या मैदानाला मारतात ती पांढरी फक्की घेऊन रानात गेलो. जुना बांध कुठं होता हे नांगरटीनं पुसलं होतं, पण मी ड्रायव्हर आहे; रस्ता एकदा चाकाखाली आला की विसरत नाही. शिवाय रस्त्याकडंला बांधावरच्या जुन्या बाभळीचं खोड अजून होतं, आणि जिथनं देव उठवला तिथली माती शेंदरानं तांबडी होती. खोडापासून त्या तांबड्या मातीपर्यंत मी एक सरळ रेघ ओढली. पंगत सरळ बसावी म्हणून, दुसरं काय. रेघ अण्णांच्या ताज्या रानातनं चालली होती त्याला माझा इलाज नव्हता.

ऊन चढलं तसं गाव जमलं. पत्रावळ्या पडल्या. माणसं रेघेवर मांडी घालून बसली, एकाच्या गुडघ्याला दुसऱ्याचा गुडघा. पत्रावळीवर भाकरी आली, कांदा आला, मीठ आलं. रश्श्याचा वास असा सुटला, की मिरजेच्या गाडीतली माणसं पुढच्या थांब्याला उतरून चालत परत आली. चाळीस-पन्नास तरी असतील. ड्रायव्हरसुद्धा.

मोठ्या माणसाच्या सवयीप्रमाणं अण्णा उशिरा आले. फेटा, कोल्हापुरी, हातात नारळ. पंगतीच्या तोंडाला एक पान मोकळं होतं, बरोबर त्या तांबड्या मातीवर. पाट मांडलेला, पाटाला रांगोळी. अण्णा बसले. मिशीवरून हात फिरवला. उजवीकडं पाहिलं तर गाव एका ओळीत. समोर पाहिलं तर ताराक्का, हातात रश्श्याची पळी.

"वाढा की," अण्णा म्हणाले.

"निवद दावल्याबिगार कसं वाढू?"

"मग दावा."

"दावला असता. पर देव कुटं हाय?" तिनं पळीनं दाखवलं. तिकडं आठ-दहा पावलांवर, ताराक्काच्या वाफ्याच्या कडेला, विहिरीच्या बाजूला म्हसोबा एकटाच बसला होता. गावाकडं पाठ करून. कारण अण्णांनी त्याला बसवलाच तसा होता, तोंड विहिरीकडं. "गाव हितं, आनि देव त्येच्या सोयऱ्याघरी गेल्यागत तिकडं. पाठमोऱ्या देवाला कसा दावायचा निवद? तुमीच सांगा. तुमच्याशी बोलतोय त्यो."

सगळी पंगत अण्णांकडं बघायला लागली. पानावर भाकरी, पातेल्यात मटण, आणि हात कुणाचाच चालत नव्हता. भुकेल्या माणसांची ती नजर काही साधी नव्हती. रणगाडा परवडला.

अण्णांनी पंगतीवरनं नजर नेली. बाभळीच्या खोडापर्यंत. तिथून परत आणली. मांडीखालची फक्कीची रेघ पाहिली, पाटाखालची तांबडी माती पाहिली. मग देवाकडं पाहिलं, मग विहिरीकडं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. नारळ हातातनं मांडीवर आला.

माझं पान त्यांच्या शेजारीच होतं. त्यांनी मान न वळवता विचारलं, अगदी हळू.

"निवृत्ती. ती म्हातारी खरी हुती का रं?"

"कंची, अण्णा?"

"कुंपनापाशी हुती ती."

आयुष्यात मी बऱ्याच गोष्टी सांगितल्या. त्या दिवशी मला एकच सांगता आली.

"खरी हाय. तुमच्या म्होरं पळी घेऊन हुबी हाय."

अण्णांनी वर पाहिलं. ताराक्काही बघत होती.  पळी तिनं दोन्ही हातांनी धरली होती, विहिरीचा दोर धरावा तशी घट्ट. मला तोवर वाटत होतं की तिला या सगळ्याची मजाच वाटतेय.

मला वाटलं, आता हा माणूस उठणार. पान लाथाडणार, ट्रॅक्टर मागवणार. इलाहीलाही तेच वाटलं असावं, कारण त्यानं पातेल्यावर झाकण घातलं.

अण्णांनी डोळे मिटले.

तिथंच, पाटावर बसल्या बसल्या. मान जरा कलती झाली. ओठ पुटपुटले. मग अंगाला एक झटका आला, फेटा सरकला आणि ते घोगऱ्या आवाजात बोलले, "दृष्टांत झाला!"

सगळी पंगत पुढं वाकली.

"काय म्हनतोय देव?" गुरवानं विचारलं.

"म्हनतोय..." अण्णांनी एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं. त्या डोळ्यात काय होतं ते सांगत नाही, छापता येण्यासारखं नव्हतं. "म्हनतोय, मला तिकडं एकट्याला करमंना. सर्जेराव, माझ्या जाग्यावर तू बसलाईस. ऊठ."

आणि ते उठले. कोल्हापुरी काढली, धोतराचा काचा मारला आणि रानातनं सरळ देवाकडं चालत गेले. चार जण मदतीला धावले, त्यांना हातानं मागं सारलं. सत्तरीच्या माणसानं तो धोंडा एकट्यानं छातीशी धरून उचलला. फेट्याला, सदऱ्याला, मिशीला शेंदूर लागला. घामाघूम होत त्यांनी तो आणला आणि आपला पाट बाजूला सारून तांबड्या मातीवर ठेवला. तोंड पंगतीकडं करून.

बँड नव्हता. मीच तोंडानं वाजवला.

निवद दाखवला. अण्णा देवाच्या शेजारच्या पानावर बसले. ताराक्का पळी घेऊन वाकली.

"किती वाढू?"

"दृष्टांतानं भूक लई लागली, आक्का," अण्णा म्हणाले. "हात आखडू नगंस."

पाडव्याआधी नांगरट झाली. मी मुद्दाम बघायला गेलो होतो. ट्रॅक्टर म्हसोबापाशी आला, थांबला, हातभर मागं सरला आणि वळला.

त्यानंतर तीन-चार पाडवे होऊन गेले. इलाहीनं नवा टीव्ही घेतला, त्याला आवाज आहे, पण अण्णा आले की म्हणतात, "त्याचा आवाज बंद कर, निवृत्तीला बोलू दे." मग मला विचारतात, "आज कुठवर?" मी सांगतो. मग थोडं थांबून विचारतात, "तिथली पंगत बसली का?"

"न्हाई अजून," मी म्हणतो. एवढ्या एका बातमीला मी कधी मीठमिरची लावत नाही. अण्णा चहा बशीत ओततात आणि गार होईस्तोवर बघत बसतात.

आमची मात्र दर साली बसते. त्याच रेघेवर, पाडव्याच्या आधी. पहिलं पान देवाचं, दुसरं अण्णांचं. आता त्यांना नीट दिसत नाही, काठी धरून येतात. पण पाटावर बसले की पहिलं काम काय, तर पुढं वाकून, कुणाचं लक्ष नाही असं पाहून, पत्रावळी बोटभर ताराक्काच्या बाजूला सरकवतात.

आणि ताराक्का, एका हातात पळी, दुसऱ्या हातानं पत्रावळीची कड धरून ती परत रेघेवर ओढते.

"आण्णा," ती म्हणते, "पान मागं. मग वाढीन."